संगणकावरचे साम्राज्य, सवडीने
नातवाने संगणकावर साम्राज्य उभारण्याचा खेळ मांडून दिला आणि पहिल्याच लढाईत आपला धीर सुटला, तर दोष वयाला देऊ नका. बहुधा निवड चुकलेली असते. १९९९चा 'एज ऑफ एम्पायर्स २' देखणा आहे खरा, पण त्यात शत्रू आपल्यासाठी थांबत नाही. संधिवाताने आखडलेल्या बोटांना ती धावपळ कशी मानवावी?

१९९१पासून चालत आलेली 'सिव्हिलायझेशन' ही मालिका मात्र बुद्धिबळासारखी आहे. आपली खेळी होईपर्यंत पट वाट पाहतो. मध्येच औषध घ्यावे, चहा घ्यावा. तिचा सहावा भाग 'सेटलर' या सर्वांत सोप्या पातळीवर सुरू करावा. पहिले नगर नदीकाठी वसवावे, कारण पाण्यावाचून वस्ती खुंटते. १६१०मध्ये खडकी वसवणाऱ्या मलिक अंबरलाही नहर बांधावी लागली, हे आपल्या शहरातील वाचकांना वेगळे सांगायला नको!

एक धोका मात्र खरा आहे. 'आणखी एकच खेळी' म्हणता म्हणता मध्यरात्र उलटते आणि झोप हरवते. घरच्यांनी रागावण्यापेक्षा खेळाची वेळ संध्याकाळच्या जेवणापूर्वीची ठरवावी, आणि अधूनमधून शेजारी बसून विचारावे, "आज कोणते नगर वसवलेत?"