चालणे कागदावर लिहून द्या

‘विसरायला होतंय डॉक्टर, मेंदूसाठी एखादी गोळी द्या ना,’ ही मागणी फॅमिली डॉक्टरला नवी नाही. आता तिच्या जोडीला मोबाइलवर आलेला मजकूर असतो. अमुक खाल्ले, रोज पळाले की मेंदूत नव्या पेशी उगवतात म्हणे, खरे का? पेशंटला सरळ उत्तर हवे असते, आणि ते देण्यासाठी प्रौढ माणसाच्या मेंदूत नव्या चेतापेशी तयार होतात का, हा वाद आपल्याला नीट ठाऊक हवा.

जोसेफ ऑल्टमन आणि गोपाल दास यांनी १९६५ मध्येच उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये जन्मानंतरही चेतापेशी तयार होतात हे दाखवले होते. बराच काळ त्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. माणसातला पुरावा आला १९९८ मध्ये. एरिक्सन, गेज आणि सहकाऱ्यांनी अशा कर्करोगग्रस्तांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले, ज्यांना विभाजित होणाऱ्या पेशींवर खूण करणारे रसायन उपचारांदरम्यान टोचलेले होते. ती खूण हिप्पोकॅम्पसच्या डेंटेट जायरस या भागातल्या चेतापेशींतही मिळाली. पुढे २०१३ मध्ये, अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेल्या कार्बन-१४ वरून पेशींचे वय काढून, प्रत्येक बाजूच्या हिप्पोकॅम्पसमध्ये रोज सुमारे ७०० नव्या चेतापेशींची भर पडते असा अंदाज मांडला गेला.

मग २०१८ उजाडले. सॉरेल्स आणि सहकाऱ्यांना प्रौढांच्या मेंदूत कोवळ्या चेतापेशी आढळल्याच नाहीत. त्याच वर्षी बोल्ड्रिनी यांच्या गटाला त्या उतारवयातही आढळल्या. मृत्यूनंतर ऊतक किती तासांनी आणि कसे जतन केले, यावर कोवळ्या पेशींची खूण दिसणे अवलंबून असते. माद्रिदच्या गटाने २०१९ मध्ये हा मुद्दा पुढे आणला आणि अल्झायमरमध्ये या पेशी घटतात असेही नोंदवले. वाद अजून मिटलेला नाही.

म्हणून ‘चाला, नव्या पेशी येतील’ असे आश्वासन आपण देऊ नये. पिंजऱ्यातल्या चाकावर धावणाऱ्या उंदरांत नव्या चेतापेशी वाढतात, हे १९९९ पासून माहीत आहे. झोप तोडली, ताण लांबला किंवा दारू पाजली की त्या घटतात, हेही प्राण्यांतच दिसले आहे. माणसावरचा सर्वांत बोलका प्रयोग एरिक्सन यांचा. हे कर्क एरिक्सन. १९९८ चे पीटर एरिक्सन वेगळे. २०११ च्या या अभ्यासात १२० ज्येष्ठांपैकी निम्म्यांनी वर्षभर, आठवड्यातून तीन दिवस, वाढवत नेत ४० मिनिटे चालण्याचा व्यायाम केला. एमआरआयवर त्यांच्या हिप्पोकॅम्पसचे आकारमान सुमारे २ टक्क्यांनी वाढलेले दिसले. फक्त स्ट्रेचिंगचे व्यायाम करणाऱ्या गटात ते सुमारे १.४ टक्क्यांनी घटले. पण एमआरआय पेशी मोजत नाही. ही वाढ रक्तवाहिन्यांची असेल, चेतातंतूंच्या फांद्यांची असेल. चालणारा माणूस मात्र दोन्ही शक्यतांत फायद्यातच राहतो. पेशींचा वाद मिटेपर्यंत आपण थांबायचे कशाला?

आपण कुठे कमी पडतो, ते मला सांगावेसे वाटते. गोळीचे नाव, मात्रा, वेळ आपण कागदावर लिहितो आणि चालण्याचे दाराशी, पेशंट उठता उठता सांगतो. त्यातूनच त्याला कळते की डॉक्टरांच्या लेखी महत्त्वाचे काय. ‘चालणे’ हाही शब्द त्याच कागदावर, दिवस आणि मिनिटांसह लिहा. गुडघे दुखणाऱ्या आजींना स्थिर सायकल किंवा खुर्चीत बसून करायचे व्यायाम सुचवा आणि शेजारच्या फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्या. दम लागतो, छातीत दुखते म्हणणाऱ्याला आधी तपासा.

चालणे लिहून देण्याआधी पेशंटच्या चालू गोळ्याही पाहा. झोपेसाठी वा अंगदुखीसाठी सुरू राहिलेले अमिट्रिप्टिलिन, सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या, वर्षानुवर्षे चाललेले अल्प्राझोलाम, यांनीही विसरभोळेपणा येतो. बी-१२ आणि थायरॉइड तपासायला विसरू नका. घोरण्याबद्दल घरच्यांना विचारा. पेशंटला स्वतःला ते ठाऊक नसते. आणि पुढच्या भेटीत बीपीच्या आकड्याशेजारी, मागच्या आठवड्यात तो किती दिवस चालला तेही टिपून ठेवा.