फॉरमॅट मारण्याआधी

इंटरनेट गेलं की पहिला फोन जातो केबलवाल्याला आणि दुसरा रिपेअरिंगवाल्याला. तिकडून बऱ्याचदा ठरलेलं उत्तर येतं, "घेऊन या, फॉरमॅट मारून देतो." तुम्हाला कळकळीची विनंती आहे : विंडोजला नेटवर्क कार्ड दिसत नाही एवढ्यावरून कॉम्प्युटर फॉरमॅट करायला होकार देऊ नका. कार्डच जळलं असेल तर फॉरमॅटने ते जिवंत होणार नाही. ड्रायव्हर गेला असेल, तर तेवढाच परत टाकला की काम भागतं. दोन्हीकडे फॉरमॅटचा उपयोग नाही. उलट बॅकअप घेतलेला नसेल तर घरातले फोटो, दुकानाचा हिशेब, पोरांचे प्रोजेक्ट यांवर मात्र पाणी सोडावं लागतं.

आधी दोष नक्की कुठे आहे ते बघा. त्याच वायफायवर मोबाइल नीट चालत असेल, तर लाइन ठीक आहे, अडचण कॉम्प्युटरमध्ये आहे. मग स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा आणि 'नेटवर्क अडॅप्टर्स' या नावाखाली काय दिसतं ते शांतपणे वाचा. बिघाड कुठे शोधायचा हे इथेच कळतं.

कार्डाचं नाव आहे, पण चिन्हावर खाली तोंड केलेला बारीक बाण आहे? मग कार्ड कुणीतरी बंद केलंय. राइट क्लिक करून 'इनेबल' करा.

नावाशेजारी पिवळा त्रिकोण आहे, किंवा 'अदर डिव्हायसेस'मध्ये 'ईथरनेट कंट्रोलर' अथवा 'नेटवर्क कंट्रोलर' असं मोघम नाव आलंय? ही त्यातल्या त्यात चांगली खूण आहे. कॉम्प्युटरला कार्ड सापडलंय, फक्त ते चालवायचा ड्रायव्हर मिळत नाही. नावावर डबल क्लिक केलं की तिथे कोड लिहिलेला दिसेल. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही. कोड १० म्हणजे कार्ड सुरू होत नाही. बहुतेकदा ड्रायव्हर चुकीचा किंवा खराब असतो. अपडेटनंतरच हे झालं असेल तर 'ड्रायव्हर' टॅबमधलं 'रोल बॅक' करून बघा. कार्ड कोणत्या कंपनीचं हे कळत नसेल तर 'डिटेल्स' टॅबमध्ये 'हार्डवेअर आयडी' निवडा. व्हीईएन या अक्षरांपुढे ८०८६ असेल तर कार्ड इंटेलचं, १०ईसी असेल तर रिअलटेकचं.

ड्रायव्हर लॅपटॉपच्या किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या, तोही आपला मॉडेल नंबर टाकून. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. त्यांच्याबरोबर नको ते प्रोग्रॅम आत शिरतात, आणि वर पैसेही मागतात.

आता प्रश्न पडेल की नेटच नाही, तर ड्रायव्हर उतरवायचा कसा? अँड्रॉइड मोबाइल यूएसबी केबलने कॉम्प्युटरला जोडा आणि मोबाइलच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. केबल डेटा वाहून नेणारी हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलने हे होत नाही. विंडोज मोबाइललाच नेटवर्क कार्ड समजतं आणि नेट सुरू होतं. मोबाइल घरच्या वायफायवर असेल तर डेटा पॅकही खर्च होत नाही.

कार्डाचं नावच कुठे नसेल, तर एकेक पायरी घ्या. आधी रीस्टार्ट करा. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाउन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, रीस्टार्टमध्ये होतं. तरीही नाव आलं नाही, तर मशीन बंद करून प्लग काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा आणि पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा. उरलीसुरली वीज निघून गेली की अडकलेलं कार्ड पुष्कळदा परत दिसू लागतं. त्यानंतर बायोसमध्ये जाऊन 'ऑनबोर्ड लॅन' किंवा वायरलेस बंद तर नाही ना, ते पाहा. डेस्कटॉपमध्ये वेगळं कार्ड बसवलेलं असेल, तर प्लग काढून कार्ड बाहेर घ्या, सोनेरी पट्टी खोडरबराने हलकेच पुसा, भुगा झटका आणि परत घट्ट बसवा. लॅपटॉप मात्र जाणकाराकडूनच उघडून घ्या. वॉरंटीत असेल तर थेट सर्व्हिस सेंटरला न्या.

एवढं करूनही शंका राहिली, तर पेनड्राइव्हवरून उबंटू ही विंडोजऐवजी चालणारी सिस्टिम 'इन्स्टॉल न करता' चालवून बघा. तिथे नेट लागलं तर कार्ड शाबूत आहे, बिघाड विंडोजच्या बाजूचा. तिथेही दिसलं नाही, तर कार्ड गेल्याची शक्यता दाट. तरीही मदरबोर्ड बदलायची घाई नको. यूएसबीला लावायचा वायफाय किंवा लॅन अडॅप्टर काहीशे रुपयांत मिळतो आणि काम चालू राहतं.

वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की आपण कॉम्प्युटरचा प्लग काढतो, पण लॅनची वायर तशीच राहते. त्या वायरीतून आलेल्या झटक्याने लॅन पोर्ट जळतो. म्हणून प्लगबरोबर तीही काढा.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे अनेक घरांत आणि दुकानांत विंडोज ११ टाकणं चालू आहे. नवं विंडोज टाकल्यावर नेमका नेटवर्कचाच ड्रायव्हर नसला, तर बाकीचे ड्रायव्हर उतरवायची वाटही बंद होते. म्हणून नेट चालू आहे तोवर, शक्य तर आजच, आपल्या मॉडेलचे लॅन आणि वायफायचे ड्रायव्हर उतरवून एका पेनड्राइव्हवर ठेवा. दुकानात मशीन द्यायची वेळ आलीच, तर डिव्हाइस मॅनेजरचा फोटो मोबाइलवर काढून न्या आणि आधी विचारा, "ड्रायव्हर टाकून बघितला का?"