शिपायाच्या पोटातला चोर

आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या काळी 'क्षय' म्हटलं की घरात कशी कुजबूज व्हायची. मी मुंबईला टीबीच्या वॉर्डात नर्स होते. तेव्हा औषध दीड-दीड वर्ष चाले. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं देऊन देऊन बोटं दुखायची. एक गिरणीवाला होता. दोन महिन्यांत खोकला थांबला, तसा म्हणाला, "सिस्टर, बरा झालो," आणि गायब! पुढल्या पावसाळ्यात परत आला, पार खंगलेला. इतके दिवस जंतू लपले कुठं, मला कोडंच होतं.

ते लपतात आपल्याच शिपायाच्या पोटात. जंतू गिळून पचवणारी ही पेशी, नाव मॅक्रोफेज. पेशीनं काय बनवायचं नि काय नाही, यावर मायक्रोआरएनए नावाच्या जेमतेम 22 अक्षरांच्या चिठ्ठ्या लगाम ठेवतात. (त्यांच्या शोधाला 2024 साली नोबेल मिळालं, बरं का.) 2016 साली संशोधकांनी दाखवलं, की क्षयाचा जंतू पेशीला 'मायक्रोआरएनए-33' ही चिठ्ठी जास्त काढायला लावतो. मग पेशीची पचवायची चूल मंदावते, चरबी जळत नाही, तिचे थेंब साठतात. तेच हा लबाड खातो. घर आपलं, जेवणही आपलं! ज्या उंदरांच्या रक्तपेशींत ही चिठ्ठीच नव्हती, त्यांच्या फुप्फुसात जंतू कमी सापडले.

आता गोळ्या बहुधा सहा महिन्यांच्या असतात. तो गिरणीवाला मात्र खोटं बोलत नव्हता हो. पोटातला पाहुणा त्याला दिसत नव्हता, आणि मलाही नाही.