सायनसची गोळी आणि तिचा गुण

"तीन गोळ्या घेतल्या की नाक मोकळे होते, म्हणजे जंतू होतेच ना?" जुनाट सायनसचे रुग्ण मला हमखास असे विचारतात. सवाल बिनतोड वाटतो. पण मला तो मान्य नाही.

नाक चोंदणे, घशात कफ उतरणे, वास न येणे ही रड बारा आठवड्यांहून अधिक चालली की तो जुनाट सायनस. यात बहुधा जंतूंपेक्षा नाकाच्या अस्तराचा दाह, म्हणजे कायमची सूज, हेच मूळ दुखणे असते.

एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन या एकाच कुळातल्या औषधांना जंतूंवरील परिणामाखेरीज दाह कमी करण्याचाही गुण आहे. तो ध्यानात आला जपानमध्ये. तेथे फुफ्फुसातील बारीक नळ्यांच्या एका चिवट विकाराने रुग्ण दगावत असत. 1980 च्या दशकात डॉ. कुडोह व सहकाऱ्यांनी त्यांना एरिथ्रोमायसिन कमी मात्रेत महिनोन्‌महिने दिले. रुग्ण सुधारले, पुष्कळांचा सायनसही सुधारला. गंमत अशी, की त्यांच्या कफात सापडणारा स्यूडोमोनस हा जंतू या औषधाला दाद देत नाही! म्हणजे गुण आला तो जंतू मारून नव्हे. सुजेच्या जागी होणारी पांढऱ्या पेशींची गर्दी हटली, कफ कमी झाला.

मग सर्वांनाच द्यावे का? 2006 मध्ये ऑस्ट्रेलियात रॉक्झिथ्रोमायसिन तीन महिने देऊन पाहिले, तेव्हा ज्यांच्या रक्तात अ‍ॅलर्जीचा आयजीई हा घटक कमी होता त्यांना विशेष फायदा दिसला. पण 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अ‍ॅझिथ्रोमायसिन निष्प्रभ ठरले. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत क्लॅरिथ्रोमायसिन आणि औषध नसलेली गोळी यांत फरक पडला नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने मात्र आराम पडला. तेव्हा हा उपाय निवडक रुग्णांपुरता, तोही कान-नाक-घसा तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, असे माझे मत आहे.

दुकानातून चिठ्ठीवाचून आणलेल्या तीन गोळ्यांना तर यातला कोणताच आधार नाही. दाह उतरायला आठवडे लागतात. तीन दिवसांत वाटणारा आराम बहुधा आजाराच्या नेहमीच्या चढउताराचा असतो, श्रेय मात्र गोळीला! शिवाय जंतू निर्ढावतात. हृदयाची लय बिघडू शकते, आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर क्लॅरिथ्रोमायसिन घातक ठरते.

त्यापेक्षा उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने रोज नाक धुवावे. डॉक्टरांनी दिलेला नाकातला स्टिरॉइडचा फवारा नावाला भिऊन आठ दिवसांत सोडू नये. एकाच नाकपुडीतून दुर्गंधी येत असेल तर वरची दाढ दाखवून घ्या. मूळ पुष्कळदा तेथेच सापडते. डोळ्याभोवती सूज आली, एकाचे दोन दिसू लागले, तर मात्र त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. मधुमेह असेल तर रात्रीचीही वाट पाहू नये.