बोटाहून लहान जीवांचा शौक

उष्ण कटिबंधातले वन्यजीव म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाघ, सिंह, हत्ती उभे राहतात. प्योत्र नास्क्रेत्स्की या जीवशास्त्रज्ञाने कॅमेरा वळवला तो मात्र पायाखाली. जन्म पोलंडचा, संशोधन अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात, आणि विषय नाकतोड्यांच्या कुळातले कीटक. 2005 साली त्यांचे ‘द स्मॉलर मेजॉरिटी’ हे छायाचित्रांचे पुस्तक आले. नावाचा अर्थ, लहानग्यांचे बहुमत. माणसाच्या बोटाहून लहान असे कोळी, मुंग्या, बेडूक, नाकतोडे त्यात पानभर मोठे होऊन आपल्याकडे रोखून पाहतात.

त्या पुस्तकाचे तीन भाग आहेत: दमट जंगले, गवताळ माळराने आणि वाळवंटे. आम्हाला मधला भाग जवळचा वाटतो. उष्ण कटिबंध म्हणजे केवळ आफ्रिका आणि ॲमेझॉन नव्हे, आपला वाशीम जिल्हाही त्याच पट्ट्यात येतो. कारंजा-सोहोळचे अभयारण्य म्हणजे माळरानच. लोक तिथे काळवीट पाहायला जातात, काळवीट दिसले की गाडी परत फिरते. गवताच्या बुडाशी काय चालले आहे, ते कोणी वाकून पाहत नाही.

वाकून पाहणारी माणसे महाराष्ट्रातही झाली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत अनेक वर्षे काम केलेल्या आयझॅक किहीमकर यांनी फुलपाखरांमागे आयुष्य घातले. 2008 साली भारतीय फुलपाखरांवरचे त्यांचे जाडजूड सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच संस्थेशी जन्मभर जोडलेल्या डॉ. सलीम अली यांच्या पिढीला पक्ष्याची नेमकी ओळख पटवायची तर बऱ्याचदा बंदूक उचलावी लागे. आता पुष्कळ वेळा चांगले छायाचित्र पुरते. नवी जात जाहीर करताना मात्र अजूनही सहसा नमुना जपून ठेवावाच लागतो, हेही खरे.

हे काम दिसते तितके सोपे नाही. इतक्या जवळून फोटो काढताना केसाएवढाच भाग स्पष्ट येतो, कीटकाचा पाय नीट आला तर डोळा धूसर होतो. मग पहाटे उठायचे, कारण गारव्याने कीटक सुस्त असतो. ओल्या जमिनीवर पोट टेकून, श्वास रोखून पडायचे. शेजारीपाजारी हसतात. घरचे विचारतात, या शौकाने पोट भरणार आहे का? प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचे एक उत्तर आपल्या शेतातच आहे.

कपाशीवर किंवा करडईवर मावा पडतो. त्याच पानावर काळसर, नारिंगी ठिपक्यांची, इवल्या मगरीसारखी दिसणारी एक अळी फिरत असते. पाहताच कीड वाटावी अशी. ती असते ढालकिड्याची आणि मावा हेच तिचे अन्न. पानावर केसासारख्या देठांवर उभी असलेली अंडी क्रायसोपाची, तोही आपला मित्रकीटक. ओळख नसली की दोन्ही फवाऱ्याखाली मरतात, मावा पुन्हा वाढतो आणि पंप पुन्हा पाठीवर चढतो. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. केवळ फोटोने ते टळले असते असे आम्ही म्हणणार नाही. पण एखादी फवारणी कमी होणे म्हणजे कोणाच्या तरी अब्बांच्या अंगावर तेवढे विष कमी उडणे.

कुरआनात मधमाशी, मुंगी आणि कोळी यांच्या नावाच्या सूरा आहेत. आपल्या मुलांना ती नावे पाठ असतात. मुंगीचा चेहरा जवळून पाहिलेली किती निघतील?

त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही, मोबाईलला लावायची छोटी भिंगे मिळतात. सुरुवात परसातल्या लिंबूच्या किंवा कढीपत्त्याच्या झाडापासून करावी. त्यावर लिंबू-फुलपाखराची अळी असते. लहान असताना ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्ष्यांच्या नजरेतून सुटते. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. डिवचली तर डोक्यामागून नारिंगी शिंगे बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. संत्र्याच्या रोपवाटिकेत ती खरी कीड आहे, कोवळी रोपे बोडकी करते, तिथे शेतकऱ्याने ती वेचलीच पाहिजे. घरच्या मोठ्या झाडाची चार पाने गेली तर बिघडत नाही. अम्मींनी चप्पल उचलण्याआधी मुलांना रोज एक फोटो काढू द्यावा. हवामानानुसार साधारण महिनाभरात अंड्यापासून पंखांपर्यंतचा सगळा प्रवास मोबाईलमध्ये जमा होतो.

पाऊस पडून नवी पालवी फुटली की कोवळ्या पानांवर शोधावे. अंडे एकेकटे असते, गोल, फिकट पिवळे आणि मोहरीच्या दाण्याहूनही लहान.