तुंबा कुणाच्या हातचा?

इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्या भामरागडला एकत्र येतात. तिथून हाकेच्या अंतरावर हेमलकसा आहे. या भागातल्या माडिया घराच्या छपराखाली दोरीला एक तुंबा लटकलेला दिसतो. वेलीवर जून झालेल्या भोपळ्यातला गर काढून आणि त्याला उन्हात वाळवून केलेले हे भांडे. रानात किंवा शेतावर निघालेला माणूस त्यात पाणी किंवा आंबील भरतो आणि खांद्याला अडकवतो. त्यातले पाणी भर उन्हातही गार राहते. असाच एक तुंबा आता शहरातल्या एखाद्या दिवाणखान्यातही सापडतो. त्याला पॉलिश केलेले असते, पोटात दिवा बसवलेला असतो आणि पाहुण्यांना सांगितले जाते, 'अस्सल आदिवासी आहे, जुना आहे.' कुणी केला, कुठल्या गावचा, त्यात काय भरत असत, हे यजमानांना ठाऊक नसते. पाहुणेही विचारत नाहीत.

प्रश्न तुंब्यापुरताच असता तर त्यावर रविवारचे पान खर्ची घालण्याचे कारण नव्हते. लाकडी फण्या, तंबाखूच्या डब्या, गुरांच्या गळ्यातल्या लाकडी घंटा, मासे धरायचे बांबूचे सापळे, धनुष्यबाण, सुपे, कणग्या अशा सगळ्याच घरगुती वस्तूंकडे गेल्या काही दशकांत एका नव्या नजरेने पाहिले जाऊ लागले आहे. ही नजर संग्राहकाची आहे. ती वाईट आहे असे मुळीच नाही. पुष्कळदा तिनेच वस्तू वाचवल्या आहेत. मात्र ती नेमके काय वाचवते आणि काय हातचे जाऊ देते, याचा हिशेब एकदा मांडायला हवा.

या छंदाचे सर्वांत श्रीमंत रूप अमेरिकेत पाहायला मिळते. तिथल्या शेतकऱ्यांनी, सुतारांनी, खलाशांनी आणि घरच्या बायकांनी केलेल्या वस्तूंना आज चित्रकारांच्या चित्रांची किंमत येते. रंगवलेल्या पेट्या, गोधड्या, दुकानांच्या पाट्या, शिकारीसाठी पाण्यात सोडायची लाकडी बदके, छपरावरचे वाऱ्याची दिशा दाखवणारे पत्र्याचे पुतळे असे सारे त्यात येते. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात असा एक तांब्याचा छपरावरचा पुतळा पन्नास लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला. तो पुतळा होता धनुष्यबाण घेतलेल्या तिथल्या मूळनिवासी सरदाराचा. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचा पुतळा त्याच जमिनीवरच्या घरांच्या छपरांवर चढला आणि शंभर वर्षांनी लिलावात गेला. गडचिरोलीच्या वाचकाला यावर वेगळे भाष्य नको.

या छंदाची सुरुवात मात्र पैशासाठी झाली नव्हती. पेनसिल्व्हेनियातले हेन्री मर्सर हे शिक्षणाने वकील आणि वृत्तीने पुरातत्त्वाचे अभ्यासक. १८९७ च्या सुमारास मोडीत निघालेल्या सामानाच्या ढिगात त्यांना जुनी हत्यारे दिसली. कारखान्यांनी निकामी केलेले चरखे, रंधे, लोण्याच्या रव्या असे सगळे तिथे पडले होते. पृथ्वीच्या पोटातल्या वस्तू शोधणाऱ्या या माणसाच्या लक्षात आले की, कालपरवापर्यंत वापरात असलेल्या वस्तूच आता उत्खननाचा विषय झाल्या आहेत. त्यांनी त्या हजारोंनी जमवल्या आणि १९१६ मध्ये त्यांच्यासाठी सिमेंट-काँक्रीटचे उंच संग्रहालय उभे केले. पुढे १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात 'सामान्य माणसाची कला' म्हणून अशा वस्तूंचे मोठे प्रदर्शन भरले. त्यातल्या बहुतेक वस्तू श्रीमती अॅबी रॉकफेलर यांच्या होत्या, पण त्यांनी आपले नाव जाहीर होऊ दिले नव्हते. आज त्यांच्या नावाचे स्वतंत्र संग्रहालय आहे. वस्तू करणाऱ्या सामान्य माणसांपैकी पुष्कळांची नावे मात्र तेव्हाही माहीत नव्हती आणि आजही नाहीत.

ज्यांची माहीत आहेत, त्यांचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. एल्मर क्रॉवेल नावाच्या मॅसॅच्युसेट्सच्या कारागिराने शिकारीची लाकडी बदके केली आणि त्यांच्या पोटावर आपला शिक्का उठवला. २००७ मध्ये त्याची दोन बदके प्रत्येकी दहा लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली. बदक सुबक होते हे खरेच, पण ते कुणाचे हे सांगता येत होते, हेही तितकेच खरे. नाव नोंदणे हे कारागिराच्या हक्काचे आहेच, शिवाय ते वस्तूच्या मोलाचेही एक अंग आहे, हे बाजाराला कळले. आपल्याला ते अजून कळायचे आहे.

महाराष्ट्रात या वाटेने गेलेले नाव घ्यायचे तर ते दिनकर गंगाधर केळकरांचे. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या या माणसाने पुण्याच्या वाड्यांतून आणि देशभरच्या खेड्यापाड्यांतून दिवे, अडकित्ते, वज्र्या, फण्या, कुलपे, दौती जमवल्या. घरातली माणसे अडगळ म्हणून ज्याकडे पाहत होती, त्यात त्यांना सौंदर्य दिसले. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय उभारले आणि पुढे सारा संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. वीस हजारांच्या घरातल्या त्या वस्तू आज नसत्या, तर मराठी घराच्या इतिहासाचे एक दालनच बंद झाले असते. केळकरांचे ऋण मान्य केल्यावाचून या विषयावर पुढे बोलता येत नाही.

पण मर्सर असोत की केळकर, ते जे गोळा करत होते त्याचा काळ सरलेला होता किंवा सरत आला होता. पितळी समया विजेच्या दिव्यांनी मागे पडल्या होत्या, चरखे गिरण्यांनी. हेमलकशाची गोष्ट निराळी आहे. इथे सापळा अजून विणला जातो, कारण नदीत अजून मासा आहे. इथला कारागीर जिवंत आहे, वस्तू वापरात आहे आणि संग्राहक आधीच दारात येऊन उभा आहे.

शिवाय इथे 'जुने' या शब्दाचा अर्थच बदलतो. १९७२ च्या पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती कायद्याप्रमाणे वस्तू पुरावस्तू ठरायला सामान्यतः किमान शंभर वर्षे जुनी असावी लागते. मूर्तींना आणि नाण्यांना हा नियम ठीक आहे. वाळवी, ओल आणि चुलीच्या धुरात नांदणारी बांबूची टोपली शंभर वर्षे कशी जगणार? तुंबा तर काही पावसाळ्यांचाच सोबती. म्हणजे माडियांच्या घरातली जवळजवळ कोणतीही वस्तू कायद्याच्या दृष्टीने पुरातन नाहीच, आणि कायद्याचे संरक्षणही तिला नाही. तरीही हे सारे फार जुने आहे. भोपळा कधी तोडायचा, बांबू कोणत्या दिवसांत कापला की त्याला कीड लागत नाही, कामटी किती पातळ काढायची, हे ज्ञान कित्येक पिढ्यांचे आहे. इथे वय वस्तूचे मोजायचे नसते, हाताचे मोजायचे असते. आणि दिवाणखान्यात टांगता येतो तो तुंबाच, हात नव्हे.

व्हेरियर एल्विन यांनी हे फार आधी ओळखले होते. इंद्रावतीपलीकडच्या बस्तरात राहून त्यांनी मुरियांच्या घोटुलावर १९४७ मध्ये आणि मध्य भारताच्या आदिवासी कलेवर १९५१ मध्ये ग्रंथ लिहिले. त्यांच्या पानांतून दिसते की, फणी ही केवळ फणी नसते. घोटुलातला तरुण ती कोरतो आणि तरुणीला देतो. ती तिच्या केसांत खोवलेली सगळ्यांनी पाहायची असते. त्या फणीचा अर्थ देणाऱ्यात, घेणाऱ्यात आणि पाहणाऱ्यांत वाटलेला असतो. तीच काचेच्या कपाटात ठेवली की तिचे नुसते लाकूड उरते. काही वस्तूंना तर हात लावणेच अनुचित. माणूस गेल्यावर त्याच्या वापरातल्या वस्तू त्याच्या स्मारकाजवळ ठेवण्याची रीत या मुलखातल्या काही गावांत आहे. त्या टाकलेल्या वस्तू नव्हेत, दिलेल्या आहेत. रस्त्याच्या कडेला दिसल्या म्हणून उचलणाऱ्याने तो संग्रह आहे असे स्वतःलाही सांगू नये.

इथे एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. माडियाने जन्मभर तुंब्यातूनच पाणी प्यावे काय? प्लॅस्टिकचा कॅन हलका, स्वस्त आणि न फुटणारा आहे. तो त्याने का घेऊ नये? अवश्य घ्यावा. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमट्यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि प्रकाश व मंदाकिनी आमटे तिथे राहिले, ते आदिवासींना जसेच्या तसे काचेत ठेवण्यासाठी नव्हे. दवाखाना झाला, १९७६ मध्ये शाळा झाली, शिकलेली मुले डॉक्टर, वकील, शिक्षक झाली. त्यांच्या घरात स्टीलची भांडी आली याचे दुःख शहरातल्या रसिकाने करणे हा दांभिकपणा आहे. आपण आपल्या आजीचे तांब्याचे घंगाळ मोडीत घालून गीझर बसवला, तेव्हा कुणाला विचारले होते?

म्हणून प्रश्न वस्तू टिकवण्याचा नाही. ज्याला ती करायची आहे, त्याला ती करत राहता यावी आणि त्याचे श्रेय व दाम त्याला मिळावे, हा आहे. हे अशक्य नाही, याचे उदाहरण महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला आहे. सावंतवाडीची लाखकामाची रंगीत खेळणी, पाट, चौरंग आणि हाताने रंगवलेले गंजिफाचे पत्ते १९७० च्या आसपास संपत आले होते. गंजिफा रंगवणारे पुंडलिक चितारी वृद्ध झाले होते. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांना जुने पत्ते विकत घेऊन राजवाड्यात मांडून ठेवता आले असते. त्याऐवजी ते त्या म्हाताऱ्या कारागिराकडून स्वतः शिकले, इतरांना शिकवले आणि राजवाड्याच्या दरबारात रंगकाम सुरू केले. जुना पत्ता एकदाच विकला जातो, शिकलेला हात नवे पत्ते करत राहतो.

डहाणूची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी यांनी वारल्यांच्या हाती कागद दिला आणि जिव्या सोमा म्हशे हे नाव जगाला कळले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. निनावी 'वारली कला' एका माणसाच्या सहीपर्यंत पोचली, ही मोठीच गोष्ट झाली. पण लग्नघरच्या भिंतीवर चौक लिहिणाऱ्या बायका होत्या आणि त्यातल्या बहुतेक निनावीच राहिल्या. नक्षी मात्र कपबशांवर आणि बेडशीटांवर कुणीही छापू लागले. नाव नोंदायचे तर सगळ्यांचे नोंदायला हवे, हा त्यातला धडा.

गडचिरोलीत आणखी एक बाब आहे, ती म्हणजे कच्च्या मालाची. हात टिकायचा तर बांबू हवा, आणि या जिल्ह्यातला बांबू कित्येक दशके ट्रकांनी बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे जात राहिला. टोपली विणणाऱ्याला स्वतःच्या रानातली काठी तोडताना भीती वाटावी, अशी स्थिती होती. २००६ चा वनहक्क कायदा आला, २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबू वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. लोककलेच्या पुस्तकांत या तारखा सापडणार नाहीत. पण कुठल्याही प्रदर्शनापेक्षा या तारखांनी इथल्या सूप-टोपल्यांचे भवितव्य अधिक बदलले असेल.

मग संग्राहकाने काय करावे? वस्तू घ्यावी, पण घरातली वापरती किंवा मृताची नव्हे, नवी करून घ्यावी. दाम प्लॅस्टिकच्या कॅनशी तुलना करून ठरवू नये, विणायला लागलेल्या दिवसांशी तुलना करून ठरवावे. करणाऱ्याचे किंवा करणारीचे नाव, गाव, वस्तूचे माडियातले नाव आणि तिचा उपयोग एका चिठ्ठीवर तिथेच, त्याच माणसाला विचारून लिहावा. ही चिठ्ठी नसलेली वस्तू म्हणजे अर्धी वस्तू. पुण्याच्या आदिवासी संशोधन संस्थेच्या संग्रहालयापासून खाजगी संग्रहांपर्यंत, ज्यांच्याकडे गडचिरोलीच्या वस्तू आहेत, त्यांनी त्यांची छायाचित्रे आणि याद्या त्या त्या ग्रामसभांकडे परत पाठवाव्यात. २०११ पासून गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे. तिथे शिकणाऱ्या माडिया मुलामुलींनी आपल्याच आजी-आजोबांच्या हातांची नोंद केली, तर ती बाहेरच्या कुठल्याही विद्वानापेक्षा खरी उतरेल. त्यांना भाषा येते, आणि काय विचारायचे नाही हेही कळते.

दिवाणखान्यातला तो तुंबा काढून टाका असे इथे कुणी म्हणत नाही. पुढच्या वेळी पाहुणा आला की त्याला 'जुना आहे' एवढेच सांगू नका. कुणाच्या हातचा आहे, ते सांगा. ते सांगता येत नसेल, तर भामरागडची वाट अजून मोकळी आहे. पर्लकोटेचे पाणी उतरले की जावे आणि विचारून यावे.