सत्कारानंतर कपाटात काय उरते?

भिलाईच्या स्मृति नगरसारख्या वसाहतीत सार्वजनिक वाचनालयाने स्थानिक लेखकांचा गौरव योजला, तर त्याचे स्वरूप बहुधा ठरलेले असते. दीपप्रज्वलन होते, शाल-श्रीफळ दिले जाते, भाषणे होतात. दुसऱ्या दिवशी एखाद्या वाचकाने त्याच लेखकाचे पुस्तक मागितले, तर ते कपाटात सापडेल का? माझ्या मते गौरवाची परीक्षा तिथे होते.

भिलाईला इतिहास नाही, असे पुष्कळांना वाटते. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली आणि शहर उभे राहिले, एवढेच आपण जाणतो. पण या प्रदेशाची कथा त्याहून जुनी आहे. अठराव्या शतकात नागपूरच्या भोसल्यांनी छत्तीसगड जिंकला. बिंबाजी भोसले रतनपुराहून कारभार पाहत. म्हणजे मराठी माणसे इथे आली ती प्रथम राज्यकर्ते म्हणून. इतिहासाच्या सोहळ्यात हेही सांगितले पाहिजे, कानांना गोड वाटो वा न वाटो.

पुढे मात्र मराठी घरांतील माणसांनी या मातीला वेगळे काही दिले. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. पैशाअभावी ते तीन वर्षांत बंद पडले, तरी सप्रे थांबले नाहीत. ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ त्यांनीच हिंदीत नेले. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ साली राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवू लागले. त्यांची मातृभाषा मराठी, कविता हिंदी; त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मात्र मराठीचे कवी. १९६४ साली गजानन माधव वारले, आणि त्यांचा पहिला कवितासंग्रह त्यानंतर प्रसिद्ध झाला. हयातीत त्यांना स्वतःचा संग्रह हाती घेता आला नाही, ही गोष्ट मला कोणत्याही गौरवसमारंभात आठवल्यावाचून राहत नाही.

हे लेखक मराठीचे की हिंदीचे, असा वाद काही जण घालतात. वाचनालयाने त्यात पडू नये. दोघा मुक्तिबोधांची पुस्तके एकाच फळीवर ठेवावीत. शेजारी छत्तीसगढी पुस्तकांना जागा द्यावी; पाहुण्यांच्या भाषांत यजमानाची भाषा कोपऱ्यात जाऊ नये.

आणखी एक काम तातडीचे आहे. भट्टीवर राबलेली पहिली पिढी आता थोडीच उरली आहे. त्यांची पत्रे, रोजनिशा, जुनी छायाचित्रे घराच्या आवराआवरीत रद्दीत जातात. भोपाळला सप्रे यांच्याच नावाचे वृत्तपत्र संग्रहालय १९८४ पासून जुनी वर्तमानपत्रे जपत आहे. तिथे जे वर्तमानपत्रांसाठी होते, ते इथे कामगारांच्या कागदांसाठी करता येईल. त्यासाठी मोठे सभागृह नको. एक कोरडे कपाट, एक नोंदवही आणि आजोबांना बोलते करणारी दोन-चार तरुण मुले पुरेत. सोहळ्याच्या निमंत्रणपत्रिकेत एवढी एक ओळ वाढवावी: येताना घरातला एखादा जुना कागद सोबत आणा.